ओळखीच्या कोर्टात

पुण्याच्या कॉलेजात माझा नंबर लागला होता, हे मी आजकाल कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हळहळतात, आणि ती हळहळ ऐकून घ्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओट्यावर बसून निकाल देऊन टाकला होता. "पुण्याले तुले कोण वळखस? वकिली म्हंजे वळख. आठे सर्वा आपलाच लोके शेतस. जिल्हामाच शिक, शहादाना कोर्टमा बस. केसेस चालत येतीन."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, फार शहाणपणाचं वाटलं. शहाद्याच्या आसपास कुठल्याही गावात जा, आमची एखादी आत्या नाहीतर मामा निघतोच. त्यांतल्या निम्म्यांचे तंटे बांधावरून, उरलेल्यांचे वाटणीवरून. म्हणजे काम आयतं वाढून ठेवलेलं! मी पुणं सोडलं, जिल्ह्यातलं लॉ कॉलेज घेतलं, एसटीने जाऊन-येऊन शिकले, सनद मिळवली आणि शहाद्यात एका सीनियरच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसले.

त्या खुर्चीवर मला चौथं वर्ष चालू आहे आणि माझ्या नावाचं एकही वकीलपत्र नाही. सीनियरसाठी मी तारखा घेते, नकला आणते, झेरॉक्सच्या दुकानात ताटकळते. सकाळी कोटाला इस्त्री करताना हात थांबतो.

लोक येत नाहीत असं नाही. येतात, 'ताई' म्हणतात, चहा पितात, फुकट सल्ला घेऊन जातात. नात्यातली एक मावशी आली आणि "एक बाईनं असं असं व्हयनं शे" म्हणून सुनेच्या पोटगीचं सगळं विचारून गेली. पुढच्या आठवड्यात तीच दुसऱ्या वकिलाच्या मागे कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसली. मला पाहताच तिने पदर पुढे ओढला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओळखीचा माणूस ओळखीच्या वकिलाकडे भांडण नेतच नाही. उद्या लग्नात मी त्याच्याच पंगतीला बसणार, आणि मला त्याच्या घरातलं सगळं ठाऊक असणार! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. सातपुड्यातून उतरणारे पक्षकार मला ओळखत नाहीत, पण ते पावरी बोलतात, आणि मला पावरीत 'बसा' एवढंही म्हणता येत नाही.

यंदा घरात निघालं की दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर कोट काढून ठेव आणि बँकेच्या परीक्षा दे. आई हे रागावून म्हणत नाही, म्हणून जास्त लागतं. मला एक केस हवी होती. एकच. कसलीही.

अशात आमच्याच घरात पेटलं. आबांची आणि काकांची विहीर सामाईक आहे. काकांनी पपई लावली, नवा पाइप टाकला आणि आबांच्या पाळीचं पाणी तोडलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आई देवापुढे दिवा लावून भांडण मिटू दे म्हणायची. मी मात्र मनातल्या मनात दाव्याचा मसुदा करत होते. सामाईक विहीर, पाण्याचा हक्क, तूर्तातूर्त मनाई, सगळे मुद्दे तयार. जेवताना मी आबांच्या तोंडाकडे बघत राहायची. आता म्हणतील, पोरी, कागद कर. इतकी मी कंगाल झाले होते.

मग एका सोमवारी मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते आणि शिपायाने पुकारा केला. आबांचं पूर्ण नाव, विरुद्ध काकांचं. दारातून आबा आत आले, टोपी काढून हातात धरलेली. त्यांच्या बाजूने धुळ्याचा एक वकील उभा राहिला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या शेजारच्या दोघा वकिलांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघेही मोबाइलमध्ये घुसले.

व्हरांड्यात मी आबांना गाठलं. माझा आवाज चढला होता. "आबा, मी दिखनू नही का तुम्हले?"

आबा खाली बघत म्हणाले, "तू उभी ऱ्हायनी ते काका जलमभर म्हनी, पुतनीनी माले कोर्टमा वढं. तो वकील परका शे. उद्या समजोता व्हयना ते त्यान्हा नाववर खापर फोडसूत. घर ते ऱ्हाई."

यात एक शब्द चुकीचा नव्हता. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. "मंग माले पुण्याले काबर जाऊ नही दिधं?"

आबांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हुशार शेस, बेटा. तू परगावनी ऱ्हाती ते मी तुलेच केस देतू."

ते माझी समजूत काढत होते, आणि अगदी मनापासून. मी तिथेच उभी राहून आमचं कुणी नाही असं एखादं गाव आठवू लागले. तळोदा, नंदुरबार, अक्कलकुवा, पार खापर गावापर्यंत मनाने जाऊन आले. कुठे आत्याची नणंद, कुठे मामाचा साडू. एकही गाव सापडेना.