घाट बंद होता त्या दिवशीची सवाष्ण

ही गेल्यानंतर वर्षभर मी देवापुढे दिवा लावला नाही. राग होता असं नाही. रागावण्यासाठीही समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं, आणि मला तेच वाटेनासं झालं होतं. आमच्या संसारात देवघर हिच्याकडे होतं आणि पुस्तकांची कपाटं माझ्याकडे. तिच्या आजारपणात मी महिनाभर रोज तिच्या कुलस्वामिनीपुढे बसलो; ही त्या देवीला नुसतं 'आई' म्हणायची. महिना संपला आणि ही गेली. मग सिएटलजवळच्या रेडमंडच्या आमच्या घरी येणाऱ्या माणसांचीच मला धास्ती वाटू लागली. डबे घेऊन येणाऱ्या बायका, "काका, काही लागलं तर फोन करा" म्हणणारी मुलं, सगळी मायेचीच. पण मला कोणाकडून काही लागायला नको होतं. नोकरीतून निवृत्त झालोच होतो. हिवाळ्याच्या तोंडावर कोलोरॅडोतल्या डोंगरात, स्कीइंगच्या एका गावात चार महिन्यांचं काम मिळत होतं. अर्ज केला आणि घर बंद करून निघालो.

काम स्की भाड्याने देण्याच्या दुकानात होतं. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचं, गुडघ्यावर बसून जड बूट चढवायचे, पट्टे आवळायचे. मला ते आवडलं. पायांशी बसलेल्या माणसाला "आता कसं वाटतंय?" असं कोणी विचारत नाही. राहायला कामगारांची इमारत होती. प्रत्येकाला एक खोली आणि मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर.

एक गोष्ट मात्र मागे सोडता आली नव्हती. शेवटच्या आठवड्यात ही मला म्हणाली होती, "अहो, मी अहेव जातेय. वर्षश्राद्धाला एक सवाष्ण पोटभर जेवू घाला. आणि पुरण तुम्ही करायचं हं, विकतचं नाही. इतकी वर्षं नुसतं खाल्लंत." ती हसून बोलली होती, पण मी शब्द दिला होता. श्रद्धा उरली नव्हती तरी शब्द उरला होता. म्हणून डेन्व्हरला राहणाऱ्या मित्राच्या बायकोला, कुलकर्णी वहिनींना, बोलावून ठेवलं. ओटीसाठी खण, नारळ आणि कुंकू आणून ठेवलं.

पौषातली तिथी होती. आदल्या दिवसापासून बर्फ पडत होतं. रात्रभर भिजलेली हरभऱ्याची डाळ मी सकाळी सहाला शेगडीवर चढवली. दहा वाजले तरी दाणा बोटाखाली चिरडेना. इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही, हे मी शाळेत शिकलो होतो आणि एकदा लेकीला समजावूनही सांगितलं होतं. पण डाळीच्या बाबतीत ते कधी ध्यानातच आलं नाही. घरी डाळ कुकरमध्ये शिजायची, आणि कुकर ही लावायची. सामान बांधताना मी पुस्तकं घेतली, कुकर घेतला नाही.

साडेदहाला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, घाट बंद केलाय हो. पोलीस सगळ्यांना परत पाठवतायत. रविवारी केलं तर नाही का चालणार?"

"तिथी रीशेड्यूल होत नाही, वहिनी," मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजाची मला लाज वाटली. "सांभाळून ड्राइव्ह करा."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. सवाष्ण येणार नव्हती, पुरण होणार नव्हतं. हिने माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं. भांड्यात डाळ नुसती खदखदत होती. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आई, मला नाही जमत." कोणाला म्हणालो, हे त्या वेळी मलाही कळलं नाही.

थोड्या वेळाने मार्ता आत आली. हॉटेलच्या खोल्या साफ करणारी पन्नाशीची बाई, मूळची एक्वाडोरच्या डोंगराळ भागातली. दोन महिने आम्ही मान हलवण्यापलीकडे बोललो नव्हतो. रस्ता बंद, म्हणून पाहुणे खोल्या सोडून गेले नव्हते, आणि म्हणून तिला लवकर घरी पाठवलं होतं. तिने भांड्यात डोकावून पाहिलं.

"सिन्योर, हे काय? या डोंगरात दाणे असे शिजवायचे म्हणजे वसंत उजाडेल!"

ती गेली आणि आपल्या खोलीतून एक जाडजूड, ठिकठिकाणी पोचे आलेला प्रेशर कुकर घेऊन आली. विचारलंसुद्धा नाही, डाळ त्यात ओतून झाकण आवळलं. अर्ध्या तासात डाळ लोण्यासारखी झाली. मी गूळ घातला, ती घोटत राहिली. शेवटी धीर करून विचारलं, "तुमचे यजमान आहेत?"

"का? मला मागणी घालताय?" ती खो खो हसली. "आहेत. गावी मेंढ्या राखतात, आणि मेंढ्यांपेक्षा हट्टी आहेत."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती उठली. हात धुऊन आली, केस नीट केले आणि खुर्चीत ताठ बसली. मी तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि पान वाढलं. बारा वाजून गेले होते. तिने घास उचलला नाही.

"तिचं नाव काय?" तिने विचारलं. "आमच्याकडे आधी नावाने हाक मारतात. नाहीतर तिला कसं कळणार, पान कुठे मांडलंय ते?"

मी वर्षभर ते नाव उच्चारलं नव्हतं. "सुनंदा," मी म्हणालो. मार्तानेही तिच्या उच्चारात तीच हाक मारली आणि जेवायला लागली. दोनदा पुरण मागून घेतलं. जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे मी तिला वाकून नमस्कार केला. ती गोंधळली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मला एक शब्दही कळला नाही, पण मी पुष्कळ वेळ रडलो.

ज्या बंद घाटाने वहिनींना अडवलं, त्यानेच मार्ताला मोकळं केलं. हा योगायोग असेल. त्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. मी एवढंच सांगू शकतो की कोणाचं काही लागू नये म्हणून मी इतक्या दूर आलो होतो, आणि हिचं श्राद्ध पार पडलं ते मला जमत नाही हे कबूल केल्यावर. आई, त्या दिवशी तू माझ्याकडून फार काही मागितलं नाहीस. कोणी मदतीला आलं तर बाजूला सरून जागा द्यायची, एवढंच. ते माझ्या हातून झालं, ही तुझीच कृपा.