पद्मानं विचारलेलं ‘केव्हा’

पद्मा गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवरून कळलं. प्राचार्यांचा निरोप दोन ओळींचा. पहिलीत हृदयविकारानं निधन, दुसरीत ‘त्यांचे उद्याचे तास कोण घेणार, त्वरित कळवावे.’ सहा आठवडे झाले, ती दुसरी ओळ अजून घशाखाली उतरत नाही...

एमएस्सीला आम्ही एका बाकावर होतो. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाची ही तेलुगू मुलगी माझ्याहून कितीतरी हुशार. मी भौतिकशास्त्राची विभागप्रमुख झाले. ती अठरा वर्षं तासिका तत्त्वावरच राहिली, म्हणजे मिळतील तेवढ्या तासांपुरती मास्तरीण, दर जूनला नवा अर्ज. तिला एकाच प्रश्नानं पछाडलं होतं. क्वांटम सिद्धांत कण कुठे सापडेल याची संभाव्यता सांगतो. ‘केव्हा’ सापडेल म्हटलं, की अडखळतो. सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघतानाही ती म्हणायची, “स्वतःचा वेळच नाही की गं याला! बाहेरच्या घड्याळाकडून मागून आणतो.” त्यावर ती वर्षानुवर्षं एकटी गणितं मांडत होती.

कायम जागेची मुलाखत एकदाच निघाली. समितीत मीही होते. एका सदस्यांनी तिच्या संशोधनाचा विषय वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली आणि म्हणाले, “मॅडम, सव्वाबारा झाले. सुटला का तुमचा प्रश्न?” सगळे हसले. मीही हसले. हे छापून यावं म्हणूनच लिहिते आहे. पद्मा शांतपणे म्हणाली, “सर, ते घड्याळही अणूंचंच आहे. मग ते सिद्धांताच्या बाहेर कसं?” पुढच्या उमेदवाराला हाक गेली. नंतर जिन्यात तिनं मला एवढंच विचारलं, “तू का हसलीस?” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तासिकेवर आली आणि पूर्वीसारखाच माझ्यापुढे डबा उघडला... त्याचीच मला जास्त आग होते.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, “मॅडमनी आपल्याला वेळेचं महत्त्व शिकवलं.” मी उठले. “नाही सर. वेळ म्हणजे काय हे अजून कुणालाच कळलेलं नाही, असं ती शिकवायची. आणि तिची अठरा वर्षं आपण खाल्ली. मीही.” कुणीतरी हात ओढून मला खाली बसवलं.

परवा शिपाई प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन आला. तिचं कपाट रिकामं करून द्या, नव्या मॅडमना हवंय. उघडलं, तर रुमालात बांधलेले खडूचे तुकडे, निळ्या शाईनं भरलेल्या अकरा वह्या आणि शेवटच्या वहीत अर्धवट राहिलेलं समीकरण. मी काहीही हलवलं नाही. दार लावून माझं कुलूप घातलं. कपाट हवं असेल त्यांनी यावं, माझ्यासमोर बसावं आणि आधी त्या वह्या वाचाव्यात.