नातीच्या वहीतली फळी

इंग्लंडात मेडनहेडला मुलाच्या घरी सागवानी देव्हारा आहे, तो माझ्या हातचा. पुण्याहून सुटा करून आणला, इथे मी जोडला. शाळा माझी चौथीपर्यंत, पण हातात पटाशी घेतली की भलेभले बघत राहायचे. त्यामुळे नातीला शाळेत लाकडी वस्तूचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, यात विचारायचंय काय.

ती म्हणाली, म्युझियमला जाऊ.

लंडनला काचेमागे एक कोरीव फळी होती. इजिप्तमधल्या मुसलमानी घराच्या दारावरची, हजार वर्षांपूर्वीची, असं मुलाने वाचून सांगितलं. पानांची नक्षी, खाचांत तांबड्या-निळ्या रंगाचे कण. पोरगी तिथेच फरशीवर बसली आणि वही उघडली. देव्हाऱ्यासमोर रोज हात जोडते, पण अशी कधी बसली नाही.

"आजोबा, हा पान नाहीये, हा बर्ड आहे," ती म्हणाली.

खरंच, दोन पानं मिळून पक्षी झाला होता. ती कोरणाऱ्या गड्याने उभे घाव घातलेच नव्हते. सगळे तिरके, उजेड घसरत जाईल असे. मला हे उभ्या जन्मात सुचलं नाही, म्हणून संताप आला. मग मी चुका शोधायला लागलो. तिथला पहारेकरी मागे व्हा म्हणाला, तरी हटलो नाही. शेवटी एक सापडली. पटाशी घसरली होती आणि त्याने खाच बुजवून वरून रंग दिला होता. आता रंग उडून ठिगळ दिसत होतं. नातीला दाखवलं. वाटलं, आता तरी उतरेल मनातून.

तिने ते ठिगळही हौसेने चित्रात काढलं. वर विचारलं, "तुमच्या देव्हाऱ्यात आहे असा?"

"नाही," मी म्हणालो.

आहे. डाव्या अंगाला, भुसा आणि सरस कालवून भरलेलं. म्हणून तर ती बाजू भिंतीकडे केलीय. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर ती त्याच फळीत रंग भरत बसली. चहा होईपर्यंत मी दम धरला. मग देव ताटात काढून ठेवले आणि देव्हारा ओढायला लागलो. सून म्हणाली, बाबा, कंबर सांभाळा.

"इकडे ये," मी नातीला म्हटलं. "वही घेऊन ये."

माझंही ठिगळ काढलं तिने. फळीला अख्खं पान, मला त्याच्या पाठीमागचं अर्धं. उरलेलं अर्धं कोरंच आहे. मी अधूनमधून वही उघडून बघतो.