मोरेश्वरकाकांचा रविवार

लोधीखेड्यात बसथांब्यामागच्या गल्लीत मोरेश्वरकाका एकटे राहतात. उभी हयात त्यांनी मुंबईच्या बंदरातून नव्याकोऱ्या मोटारी ट्रेलरवर चढवून नागपूरला आणण्यात घालवली, पण स्वतःच्या दारात सायकलीपलीकडे काही उभं राहिलं नाही. बायको वच्छला गेली. मुलगी रायपूरला दिलेली. तिचा फोन येतो आणि ‘जेवले का बाबा’ इथपर्यंत येऊन थांबतो. काका जेवतात, रोज खिचडी. खिचडीला सोबत लागत नाही असं ते म्हणतात, आणि ते खरं नाही.

अशा माणसाकडे गौतम मास्तर येऊन पोचले. सौसरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाच्या डोक्यात एका जपानी कंपनीच्या उंच गाडीने घर केलं होतं. ही गाडी सुरुवातीला जपानातूनच तयार होऊन येई. पुढे तिचे भाग आणून इथेच जोडायला लागले. मास्तरांना जुनी घ्यायची होती, पण तिकडून आलेलीच. दोन्ही सारख्याच पळतात हे त्यांना दहा जणांनी सांगून पाहिलं. गणिताच्या मास्तराचा हट्ट, तो काय सांगून जातो? जुन्या गाड्यांचे दलाल म्हणाल, तर ते दारातल्या बैलबंडीलाही इम्पोर्टेड म्हणतील. तेव्हा पारख करायला मास्तरांनी काकांना धरलं.

मग दर रविवारी मास्तरांची छोटी, म्हातारी गाडी सौसरहून निघायची आणि लोधीखेड्याला काकांना घेऊन नागपूर गाठायची. मास्तर गाडी चालवत, शेजारी त्यांची बायको अमिता, मागे काका. काका सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलेले असत. घरचं कुणी आल्यासारखं त्यांना वाटे, आणि तसं वाटतं म्हणून स्वतःचीच लाजही वाटे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी गाडीभोवती फिरून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचायचा. एखादी काच फुटून बदललेली असते, पण सगळ्या कोणी बदलत नाही. मग सीटबेल्ट पार मुळापर्यंत ओढून तिथे शिवलेली चिंधी पाहायची, तिच्यावर जपानी अक्षरं आहेत का. शेवटी बॉनेट उघडून पाटीवरचा चेसिस नंबर. जपानात बनलेल्या गाडीचा नंबर ‘जे’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, इथल्या गाडीचा ‘एम’ने. एवढं झालं की काका हात पुसत म्हणायचे, “इथलीच हाये मास्तर.” मास्तर हिरमुसायचे. काकांना वाईट वाटायचं, पण फार नाही.

कारण परतताना सावनेरच्या पुढे एका कडुलिंबाखाली गाडी थांबायची आणि अमिता डबा उघडायची. हिवाळ्यात कोथिंबिरीची सांबारवडी असायची. काकांसाठी ती वेगळा लहान डबा भरून आणी. “काका, तिखट झाली का जी?” ती विचारायची. इतक्या वर्षांत काकांना कुणी तिखट-मिठाचं विचारलं नव्हतं. ते मुद्दाम सावकाश खायचे.

संक्रांत होऊन गेली आणि नागपुरात वाडीजवळ जुन्या गाड्यांच्या एका दुकानात ती गाडी सापडली. काकांनी काचा पाहिल्या, एकूणएक जपानी. बेल्टाच्या मुळाशी चिंधी होती, तीही जपानी. बॉनेट उघडलं, तर नंबर ‘जे’चा. ते बराच वेळ वाकून राहिले. मास्तर मागून डोकावत होते. “जे हाये न काका?”

“हाये,” काका म्हणाले. “पण पाटी नंतर बसवलेली दिसून राहिली.”

दलालाने कपाळावर हात मारला, कागद दाखवले. काकांनी ‘कागद काय, कसेबी करता येतात’ म्हटलं आणि ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी गाडीबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं.

कडुलिंबाखाली डबा उघडला. मास्तर म्हणाले, “काका, सोडून देऊ आता हा नाद. रविवारचा रविवार वाया जाऊन राहिला. आमच्यापायी तुमालेबी तरास.”

काकांच्या हातातली वडी हातातच राहिली. ज्या रविवारांसाठी ते आठवडाभर जगत होते, ते मास्तरांच्या हिशेबी वाया गेले होते. आणि ते टिकावेत म्हणून आपण खोटं बोललो, तर त्या खोट्यानेच ते आज संपत होते.

“मास्तर, गाडी वळवा,” ते म्हणाले. “ते पाटी अस्सल हाये. मी खोटं बोललो.”

“काहून पण?”

“गाडी भेटल्यावर तुमी कायले येसान माह्याकडे?”

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. रागावले असते तर बरं झालं असतं. अमिताने मान खाली घालून डबा बंद केला. गाडी वळली. दुकानात काकांनी दलालाची हात जोडून माफी मागितली आणि मास्तरांनी बयाणा दिला.

गाडी घरी आणायला पुढच्या रविवारी जायचं ठरलं, आणि काकांना आणखी एक रविवार मिळाला. मास्तर नवी चालवणार, तेव्हा छोटी परत आणायला दुसरा कुणी हवाच होता. येताना नवी गाडी पुढे, तिच्यात नवरा-बायको. मागे छोटीत एकटे काका, शेजारच्या सीटवर त्यांचा लहान डबा. कडुलिंबाशी नवी गाडी थांबली नाही. नव्या गाडीच्या नादात राहून गेलं असेल. काकाही थांबले नाहीत.

सौसरला त्यांनी किल्ली दिली, डबा पुढे केला. अमिता म्हणाली, “राहू द्या काका. खाल्ला नाही न तुमी? घरी जाऊन खाजा. डबा मी घेऊन जाईन कधी.” मग जामसांवलीच्या मारुतीला नव्या गाडीचा नारळ फोडायला मंडळी निघाली. गाडीत सासरची-माहेरची माणसं दाटीवाटीने बसली होती. काका बसने घरी आले.

रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे वच्छलाने त्यांना शिकवलं होतं. शनिवारी त्यांनी मुरमुरे आणले, फोडणी थोडी करपली, पण चिवडा झाला. डबा भरून, रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते ओट्यावर बसले. ऊन उतरेपर्यंत बसले.

आठवडाभर खिचडीसोबत त्यांनी तो चिवडा संपवला. चिवडा मऊ पडलेला बरा दिसत नाही, म्हणून शनिवारी पुन्हा ताजा केला.