तांब्यावरचं फुलपात्र

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सामानात एक जुना पितळी तांब्या आणला होता. तो पालथा घालायचा आणि त्याच्या बुडावर फुलपात्र तोलून ठेवायचं. जमीन हलली की ते खणखणतं आणि माणूस बाहेर पळतो. भूकंपानंतर आमच्या पाटणकडं घरोघरी हेच चालायचं. धक्के तर अजूनही येत होते.

आमची खोली कुपवाडला, कारखान्याच्या मागं. तिथलं मशीन सुरू झालं की फुलपात्र वाजायचं आणि मी पिठाच्या हातानं रस्त्यावर. "अगं, भूकंप न्हाई, दुसरी पाळी लागली," नवरा हसायचा. शेजारणींची फुकटात करमणूक. मला मात्र जमिनीपेक्षा माझीच भीती वाटायची. दर वेळी मी एकटीच पळालेली असायची.

भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. धाकट्या भावाला धरून दारापर्यंत आले, वरून माती कोसळली आणि मी त्याचा हात सोडला. तो आतच राहिला. आईला सांगितलं, हात निसटला.

लग्नानंतर ते सगळं मी गोष्ट म्हणून लिहिलं. गाव बदललं, भावाची बहीण केली, भूकंपाच्या जागी पूर आणला. हात सोडल्याचं मात्र बदलता येईना. गोष्ट दिवाळी अंकात छापून आली आणि नवऱ्यानं कौतुकानं माझ्या माहेरी कळवलं. 

माहेरी गेले. आईला वाचता येत नव्हतं. "वाच," म्हणाली आणि शेंगा फोडायला बसली. हात सोडल्याचं वाक्य जवळ आलं. गाळावं वाटलं, पण वाचलं. शेंगा फुटायच्या थांबल्या. मान वर करायची माझी छाती होईना.

"केवढी व्हती ती पोर?"

"दहा वर्सांची."

"आन् तिची आय काय म्हनली?"

"आयला ठावंच न्हाई."

"आयला ठावं असतंय," ती म्हणाली. "पोरीला जवळ घ्यायचं तेवढं सुदरलं न्हाई तिला."

मला रडू फुटलं. तेवढ्यात फळीवरचं फुलपात्र खणखणलं, आणि इथं कारखाना नव्हता. आम्ही धावत अंगणात आलो. जमीन केव्हाच थांबली होती, पण आईनं माझं मनगट सोडलं नव्हतं.