परतीच्या पावसाचा हिशेब

खालच्या गल्ल्यांतलं पावसाचं पाणी समुद्रात उपसणाऱ्या, बंदराजवळच्या पंपघरात मावशी झाडलोट करायच्या. गच्चीवरच्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी आठला मोजून आकडा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायच्या. एकतीस वर्षं, कुणी न सांगता.

यंदा आभाळ निवळलं. नवे साहेब म्हणाले, "पाऊस संपला. उद्या तिन्ही पंप दुरुस्तीला उघडा."

मावशींनी कॅलेंडरांची चळत टेबलावर ठेवली. "साहेब, इथला पाऊस निरोप घेतो आणि छत्री विसरल्यासारखा परत येतो. बघा, दरवर्षी याच पंधरवड्यात. एका वेळी एकच पंप उघडा. खालच्या गल्लीत माझी लेक बाळंतीण आहे."

"मावशी, हवामान खातं काढलंत की काय?" साहेब हसले. पण आकड्यांवरून बोट फिरवत त्यांनी एकेक वर्ष ताडून पाहिलं. एकच पंप उघडला.

पाचव्या दिवशी दुपारी, ऐन भरतीला, आभाळ फाटलं. दोन पंप संध्याकाळपर्यंत धडधडत राहिले. लेकीच्या पायरीला शिवून पाणी माघारी फिरलं.

दुसऱ्या सकाळी आठला साहेब स्वतः गच्चीवर आले. "मावशी, तुम्ही सांगा, मी लिहितो."

मावशींनी मापाची नळी डोळ्यांसमोर ताठ धरली. "दोनशे बारा मिलिमीटर. अक्षर नीट काढा हं, पुढच्या साहेबाला वाचता आलं पाहिजे."