अर्धी दाढी

नळदुर्गच्या स्टँडसमोरच्या रसूलचाचाकडं दाढीला बसलं की बोलणी फुकटात मिळतात. माणूस मोठा खमक्या, जिभेनं तिखट. पण पोरं ऐकून घेतात, कारण वस्तरा त्याच्या हातात असतो.

त्या दिवशी कलत्या दुपारी व्यंकट खुर्चीत बसला होता. मागं बाकड्यावर शिवप्रसाद आणि त्याची टोळी. विषय कॉलेजातल्या सृष्टीचा. आदल्या दिवशी तिनं स्टँडवर सगळ्यांदेखत व्यंकटला 'न्हाय' म्हणून सुनावलं होतं. आज ती एसटीतून उतरली की जबरदस्तीनं मोटारसायकलवर घालून न्यायची, असा बेत शिजत होता.

"पोरीचं न्हाय म्हंजी व्हयच असतंय," शिवप्रसाद म्हणाला. "आज मागं सरलास तर बांगड्या भर!"

रसूलचाचाचा हात थांबला. डावा गाल साफ झालेला, उजवा अजून फेसात. त्यानं वस्तरा पुसला, मिटून खिशात टाकला आणि खुशाल स्टुलावर जाऊन बसला.

"चाचा, पुरी करा की!"

"न्हाय."

"ऑं? न्हाय म्हंजी?"

"न्हाय म्हंजी न्हाय. माझं कळलं ना लगेच? मग तिचंच कसं कळंना रं तुला?"

बाकडं खदखदून हसलं. शिवप्रसादनं तर मोबाईलवर फोटो काढला. व्यंकट लालबुंद होऊन टॉवेलमागं लपला. तेव्हा रसूलचाचाला पोराचं खरं दुखणं दिसलं. याला पोरगी नकोच होती, याला या हसण्याची धास्ती होती. चाचाला कीव आली, आणि संतापही.

"हे तुझे दोस्त! उद्या बेड्या पडल्या तरी असेच हसतील. आणि त्या लेकरानं जन्मभर भोगायचं, तुझ्या नाकापायी?"

"चल रं, एसटी आली," शिवप्रसाद उठला. "चाचा, उद्यापासून कुणी येणार न्हाय तुमच्याकडं."

"नका येऊ! हायवेवरच्या ट्रकवाल्यांना दाढ्या उगवायच्या थांबल्या न्हाईत अजून."

तोंडानं बोलला खरा, पण बाकड्यावरची डोकी मोजून घेतली. हे गेलेच तर आपण म्हाताऱ्यानं किती जणांना अडवायचं?

व्यंकट उठला. टॉवेलनं फेस पुसला आणि दारात आडवा उभा राहिला. "ती न्हाय म्हणली, शिवप्रसाद. संपलं. इथनं कुणी हलायचं न्हाय."

एसटीतून उतरलेली सृष्टी समोरून चालली होती. दारातली ती अर्धी दाढी बघून खुदकन हसली आणि पुढं गेली. व्यंकटनं ते हसणं सोसलं, ती वळणाआड जाईपर्यंत दार अडवून ठेवलं आणि मग खुर्चीत येऊन बसला. रसूलचाचानं खिशातनं वस्तरा काढला.